रेघेच्या आतला डाग

गुडघ्याचं ऑपरेशन करून माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, हडपसरला घरी आल्या, तेव्हा रोज त्यांच्या पोटात इंजेक्शन टोचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पायात रक्ताची गुठळी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून रक्त गोठू द्यायचं नाही. गोठलं तरी धोका आणि नाही गोठलं तरी धोका, अशा भीतीतच मी सुई हातात धरायची.

आज सकाळी त्यांच्या पोटावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला.

"हात जड हाय तुझा," सासरे दारातूनच म्हणाले.

आत रक्त वाहतंय की काय, या धास्तीनं मी डॉक्टरांना फोन लावला.

"टोचल्यावर चोळलं का? चोळलं की बारीक शिरा फुटतात आणि या औषधामुळे रक्त लवकर थांबत नाही. डाग वाढला तर लगेच घेऊन या."

मी चोळलं नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघेनात. त्यांच्या पदराला तेलाचा वास होता. सासरे केव्हाच अंगणात सटकले होते.

माझं डोकंच फिरलं. "बोलणी मी खायची आणि तुम्ही गप्प बसायचं, आत्या?"

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी इचारलं, दुखतंय का म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "मग चोळू दिलं."

मी डागाभोवती पेनानं रेघ ओढली, सासऱ्यांना बोलावलं आणि डाग रेघेबाहेर जातो का, ते बघत बसायला सांगितलं.

ते संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.