समासातलं उभं अक्षर

साहेबांच्या टेबलावर दादाला नोकरीवरून काढल्याचं पत्र पडलं होतं. सही तेवढी व्हायची होती. कारण काय, तर लसींची खोकी गरम झालेली आली आणि गोदाम सांभाळणाऱ्याने कळवलं नाही. माल पुढे गेला, दवाखान्यांतून परत मागवावा लागला, आता बळीचा बकरा हवा होता. गोदाम सांभाळणारा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. औषधांच्या या एकाच गोदामात त्याने अठरा वर्षं काढली. खोक्यात आधी हात घालून बघणार, मग पावतीवर सही करणार, असा माणूस. तो कळवणार नाही? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेरा कोरा आहे," साहेब स्क्रीन दाखवत म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनला काय वाचायचं ते मी शिकवलंय, साहेब."

तेच तर माझं काम. आलेल्या मालाच्या पावत्या स्कॅन होतात. त्याआधी मी नमुन्याच्या पावत्या घेऊन साचा बनवते. इथे तारीख, इथे बॅच नंबर, इथे शेरा, असे चौकोन आखते. मशीन तेवढंच उचलतं. चौकोनाबाहेर कुणी जीव तोडून लिहिलं तरी त्याला सोयरसुतक नाही. आणि शेऱ्याचा रकाना बोटभर, म्हणून दादा कायम डावीकडच्या समासात उभं लिहितो.

मूळ पावती मी तळघरातल्या गठ्ठ्यातून उपसून आणली होती. ती त्यांच्यापुढे आपटली. साहेबांनी कागद आडवा धरला. 'खोकी गरम. माल पुढे पाठवू नये.'

"असं समासात लिहायचं असतं का?"

"अठरा वर्षं तिथेच लिहितोय. तेव्हा माणसं वाचायची."

त्यांनी पत्र खणात टाकलं. "बघू."

"बघू नाही. आत्ता फाडा." मी हलले नाही. शेवटी त्यांनी ते फाडलं.

दादा जिन्यात उभा होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर थाप मारेल.

"साचा करताना नमुने कुठले घेतलेस?" त्याने विचारलं.

"जुन्या गठ्ठ्यातले."

"त्यात माझ्या पावत्या नव्हत्या?"

होत्या. पंधरा-वीस तरी होत्या. दोन दिवसांत साचा द्यायचा होता आणि त्या गिचमिडीवर चौकोन धड बसेनात. म्हणून त्या मीच बाजूला काढल्या आणि कोऱ्या समासाच्या स्वच्छ पावत्या निवडल्या. अक्षर कुणाचं ते मला लांबूनच कळलं होतं. 'हा दादा पण ना,' असं वैतागून म्हटल्याचंही आठवतंय.

"होत्या," मी म्हणाले.

"वाचल्यास?"

साहेबांपुढे माझा आवाज कसा खणखणीत होता. आता 'नाही' एवढंच पुटपुटले. खाली मालाची गाडी लागली होती. दादाने खिशातलं पेन चाचपलं आणि तो माल उतरवून घ्यायला गेला.