दाराआडची विद्या

जपानात तलवारी बाळगायला बंदी आली, तशा आमच्या चिचिबूतल्या जुजुत्सुच्या, नुसत्या हातांनी लढायच्या विद्येच्या, शाळाही ओस पडल्या. आमच्या ह्यांची, इमाझेकी रोकुझोंची, शाळा फेकीच्या डावांची. पलीकडच्या गल्लीतल्या ह्योदोची गळा आवळण्याच्या डावांची. दोघांचं जन्मभर विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण पोटाला चिमटा बसला, तेव्हा दोघांनी मिळून एकच शाळा काढायचं ठरवलं. शिकवणी आमच्या अंगणातल्या खोलीत सुरू झाली.

डाव एकमेकांना दाखवले, पण एक गोष्ट दोघांनी राखून ठेवली. बेशुद्ध पडलेल्याला शुद्धीवर आणायचा उतारा प्रत्येक शाळेचा वेगळा. तो फक्त वारसाला द्यायचा, परक्यासमोर करायचासुद्धा नाही, अशी रक्ताचा ठसा देऊन घेतलेली शपथ.

एका दुपारी सरावात ह्योदोने माझ्या तात्सुमाचा गळा धरला. माझा एकुलता एक, विशीतला. हार मानली की आमच्याकडे पाय आपटतात, ह्योदोकडे हाताने थोपटतात. तात्सुमाने पाय आपटले. ह्योदोला वाटलं, पोरगा झुंजतोय. सोडलं तेव्हा मान लोंबत होती.

ह्यांनी ह्योदोला दाराबाहेर काढून आपला उतारा करून पाहिला. तो आपटून श्वास कोंडलेल्यांसाठीचा, इथे काय कामाचा!

ह्योदो आत येऊन म्हणाला, “सगळे बाहेर व्हा. दार लावा. मी उठवतो त्याला.”

“ज्याने आवळला, त्याच्या हाती सोडून जाऊ? मी हलत नाही.”

“रोकुझो, मला शपथ आहे. तुझ्यासमोर नाही करता येत.”

“मी पाठ फिरवून बसतो.”

“नाही. बाहेर.”

मेल्यांनो, पोराचे ओठ निळे पडताहेत आणि तुम्ही शपथा कसल्या कुरवाळताय! मी ह्यांना बाहीला धरून ओढलं, ह्योदोच्या पाया पडले. दोघेही दगडासारखे. तोंडाला येतील त्या शिव्या मी घातल्या, त्याही वाया.

शेवटी ह्योदोनेच शपथ मोडली. तात्सुमाला बसतं केलं, पाठीत गुडघा रोवला, खांदे मागे खेचले. पुन्हा. पुन्हा. खेचता खेचता ह्योदो रडायला लागला. मी लेकाचा हात हातात घेतला, तर तो गार पडत चालला होता.

हे जवळ सरकले. मला वाटलं, आता तरी पोराला पोटाशी धरतील.

“गुडघा नेमका कुठे लावलास?” ह्यांनी विचारलं. “परत दाखव.”

आज जिला लोक दोन शाळांची एक विद्या म्हणून नावाजतात, तिचा पहिला धडा तो. ह्योदोने दाखवला, ह्यांनी शिकून घेतला, माझ्या मेलेल्या लेकाच्या पाठीवर.