सळई काऊन झिजते?

आष्टीच्या बाजाराचा दिवस होता आणि मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. गंमत अशी की आलेला प्रत्येक जण तिथं पाय ठेवायलाच आला होता. समोर ओळीनं सहा टप मांडलेले. टपात कोमट पाणी, पाण्यात बुडवलेली काळी डबी, डबीची वायर मागच्या यंत्रात गेलेली. खुर्चीवर बसायचं, टपात पाय सोडायचे, बटन दाबलं की नुसतं पाहत राहायचं. पाच मिनिटांत पाणी पिवळं, दहा मिनिटांत तांबूस, अर्ध्या तासात चहाच्या चोथ्यासारखं, वर घाणेरडा फेस. बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, बाई बाई, एवढं विष घेऊन जगत होतो आपण!

यंत्राचा मालक धीरज सर. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो स्टेथोस्कोप कोणाच्या छातीला लागलेला अजून कोणी पाहिला नव्हता. सर स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नसत, लोक म्हणाले तर हो-नाही करत नसत.

"ज्यांना कधी ना कधी गोचीड चावला असेल, त्यांनी हात वर करा," सर माइकवर म्हणाले. गाई-म्हशींच्या गावात दुसरं काय होणार? सगळं सभागृह हात वर करून उभं.

मग सरांनी सुरुवात केली. हा जुना गोचीड ताप. वीस वर्षांपूर्वी चावलेला गोचीड पडून जातो, पण त्याचा जंतू सांध्यात घर करतो. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, थकवा जात नाही, विसरायला होतं. रक्ताच्या तपासणीत हा जंतू दिसत नाही. मोठमोठ्या दवाखान्यांना दिसत नाही. परदेशात लोक लाखो उधळून राहिले यावर. आणि हो, उपचार सुरू झाला की त्रास वाढणार. चक्कर येईल, उलटी होईल. घाबरायचं नाही, तो निचरा. जंतू मरताना विष सोडतो. त्रास वाढला म्हणजे गुण येऊन राहिला.

अशा बोलण्याला काय म्हणावं? बरं वाटलं तर यंत्राचा प्रताप, वाईट वाटलं तर यंत्राचा अधिकच प्रताप. दोन्हीकडून ढोल यांचाच.

मागच्या दाराशी श्रावण उभा होता. बसस्टँडजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हातात पिशवी, पिशवीत लोखंडी सळयांचे बारा नवे तुकडे. चार महिन्यांपासून दर पंधरवड्याला तो सरांच्या काळ्या डब्यांतल्या सळया बदलून देत होता. जुन्या सळया येत त्या झिजून झिजून काडीएवढ्या झालेल्या. पहिल्याच वेळी त्यानं दुकानात बादलीभर पाण्यात मीठ टाकून यंत्र लावून पाहिलं होतं. पाय नाहीत, माणूस नाही, तरी पाणी तांबडं झालं. आयटीआय केलेल्या माणसाला यात समजायला काही अवघड नव्हतं. मिठाचं पाणी, त्यात वीज, लोखंड विरघळतं आणि गंजतं, संपलं. पण त्यानं सळया बदलल्या, यंत्र पुसलं आणि परत दिलं. आपल्याले काय करायचं, असं तो मनाशी म्हणाला होता. पन्नाशीला आलेला माणूस, दिवसभर जळालेल्या मोटारी उकलून थकलेला. गावातला प्रत्येक लबाड आपणच का उघडा पाडायचा?

पिशवी द्यायला तो पुढं सरकला आणि चौथ्या खुर्चीवर त्याला ताई दिसली.

तानाबाई. त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा श्रावण सात वर्षांचा होता. हिनं संत्र्याच्या बागांत तोडणी करून त्याला वाढवलं, आयटीआयला घातलं. तिच्या टपातलं पाणी सगळ्यांत काळं होतं आणि सर तेच पाणी चमच्यानं वर काढून लोकांना दाखवत होते. "इनकी हालत देखो," ते म्हणत होते. ताईचा चेहरा उतरलेला होता, तरी त्यावर एक समाधान होतं. वर्षभर हाडं दुखतात म्हणून सांगत होती, आज कोणीतरी चारचौघांत कबूल केलं होतं.

श्रावण पिशवी टेबलावर ठेवून बाहेर आला. त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. त्याची बायको भावना आधीच तिथं बसली होती, कारण ताईला दुपारपासून दोन उलट्या झाल्या होत्या. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येत होती. ताई मात्र खूश. निचरा होऊन राह्यला, म्हणाली. श्रावणनं विचारलं, आमवाताच्या गोळ्या घेतल्या का? वर्षापूर्वी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आमवाताच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, बोटांची सूज बरीच उतरलीही होती. ताई म्हणाली, त्या तर बारा दिवस झाले बंद. सरांनीच सांगितलं, गोळीनं जंतू आत दबून बसतो.

श्रावणनं समजावून पाहिलं. ताई, ते पाणी गंजानं लाल होते. ते कोणाच्याही पायानं होते.

ताई भडकली. आपल्या बापानं घरातले देव नदीत सोडले, म्हणाली. म्या जिंदगीत अंगारा लावला नाही, भगताच्या दारात गेली नाही, अंगात येणाऱ्या बाईपुढं मान लववली नाही. हे काय बुवाबाजी हाये का? हे विज्ञान हाये. वायर हाये, मीटर हाये, डोळ्यानं पाहून राह्यली मी.

हेच तर दुखणं होतं. देवाच्या नावानं कोणी आला असता तर ताईनं त्याला दारातूनच हाकललं असतं. तीन पिढ्या या घरानं हे हाकलण्याचंच काम केलं. पण लबाडानं कोट घातला, प्लग लावला, आणि तीन पिढ्यांचा शहाणपणा टपात पाय सोडून बसला.

"दवाखान्यात दोन मिनिटं देते ती डॉक्टरीण," ताई म्हणाली. "साठ पेशंटची लाइन राह्यते. सर अर्धा घंटा ऐकते माह्यं."

श्रावणनं दवाखान्यात चालायचं म्हटलं तर तिनं साफ नकार दिला. परवा पुन्हा बैठक आहे, ती झाली की पाहू.

बाहेर आल्यावर भावनानं त्याला थांबवलं. "ताईले कायले शहाणपण शिकवता? सळया कोण देते त्याले?" श्रावण म्हणाला, मी नाही दिल्या तर दुसरा देईल. "देऊ द्या दुसऱ्याले," भावना म्हणाली. "पण ताई तर आपली हाये."

परवा उजाडला. मंगल कार्यालय पुन्हा भरलं. ताईला दोन बायकांनी धरून खुर्चीवर बसवलं. ओठ कोरडे, हात थरथरत होते. सरांनी सगळ्यांना सांगितलं, बघा, जंतू शेवटचा झटका देऊन राहिला. मग त्यांनी तिच्या टपात खनिज भुकटीचे दोन चमचे टाकले. इतरांना एक, मोठ्या रोगाला दोन. भुकटी म्हणजे मीठ. मीठ जास्त तर पाणी जास्त काळं, एवढंच ते गूढ.

श्रावण पुढं आला. हातात भाजीबाजारातून घेतलेल्या दोन लवक्या, म्हणजे दुधी भोपळे. शेजारच्या रिकाम्या टपात त्यानं त्या उभ्या केल्या, मीठ टाकलं आणि बटन दाबलं. लोक गोळा झाले. पाच मिनिटांत पाणी पिवळं, दहा मिनिटांत तांबूस. मागून कोणीतरी म्हणालं, लवकीलेही गोचीड चावला वाटते. हशा पिकला.

सर घाबरले नाहीत. असली माणसं एका लवकीनं घाबरत असती तर काय पाहिजे होतं! भाजीवर फवारणी असते, ते म्हणाले. तेच विष निघालं. यंत्र किती अचूक आहे बघा. आणि लोकांनी माना डोलावल्या. खरंच की, फवारा तर मारतातच.

श्रावणनं लवक्या काढल्या, पाणी बदललं, मीठ टाकून नुसत्या पाण्यात यंत्र लावलं. पाणी तांबडं झालं. सर म्हणाले, नळाच्या पाण्यातलं विष. पुन्हा माना डोलल्या. श्रावणला एकदम फार थकवा आला. वाटलं, जाऊ दे, घरी जावं. या माणसाजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे आणि या लोकांना उत्तर कोणतंही चालतं.

पण खुर्चीवर ताईची मान एका बाजूला झुकत होती.

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. एका बाजूला नवी सळई, बोटाएवढी जाड. दुसऱ्या बाजूला जुन्या, काडीसारख्या, खड्डे पडलेल्या.

"या तुमच्या डबीतल्या सळया," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत अशा होते. विष पायातून निघते तं सळई काऊन झिजते?"

सर ओळख न दाखवता म्हणाले, कोण तुम्ही? कुठून आणल्या या?

"माह्या दुकानातून. चार महिन्यांपासून मीच बदलून देऊन राह्यलो तुमाले." मग तो लोकांकडं वळला. त्याचा आवाज काही मोठा नव्हता. "लोखंड विरघळून पाण्यात जाते. तोच गंज तुमी पाहता. पाय असो, लवकी असो, काही नसो. तुमच्या अंगातलं काहीच निघत नाई. मले पयल्या दिवसापासून माहीत होतं. म्या सांगतलं नाई."

आता मात्र कोणी मान डोलावली नाही. समोर बसलेले बबनराव उठले. संत्र्याचे व्यापारी, सरांचे सगळ्यांत जुने भक्त. त्यांनी झिजलेली सळई हातात घेतली, नवीच्या शेजारी धरली आणि सरांना विचारलं, बोला ना, काऊन झिजते? सर गोचिडावर बोलू लागले. बबनराव म्हणाले, गोचीड राहू द्या, सळईचं सांगा. सरांना सळईचं काही सांगता आलं नाही.

ताईनं डोळे उघडले होते. तिनं पाण्यातून एकेक पाय बाहेर काढला आणि उठायला गेली, ती तशीच कोसळली. श्रावणनं तिला उचललं. बबनरावांनी ऑटो बोलावला.

रुग्णालयात रक्तदाब लागेना. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, गोळी कधीपासून बंद? ऐकून त्या म्हणाल्या, आमवाताच्या गोळ्यांमधली एक अशी आहे की वर्षभर घेतल्यावर शरीर ते रसायन स्वतः बनवायचं सोडून देतं. ती हळूहळू कमी करायची असते, एकदम तोडायची नसते. ज्याला तो माणूस निचरा म्हणत होता, ते यांचं शरीर बंद पडत होतं. एक दिवस उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. गोचिडानं ताप येतो, हे खरं आहे, त्याला तपासणी आहे, औषधंही आहेत. पण त्यासाठी टप लागत नाही. आणि श्रावणनं ताईची तक्रार सांगितली तेव्हा जाता जाता त्या ताईला म्हणाल्या, मी वेळ देत नाही हे मात्र तुमचं खरं आहे.

ताई वाचली. पण तीन दिवस ती श्रावणशी बोलली नाही. तो पेज घेऊन यायचा, ती भिंतीकडं तोंड करायची. चौथ्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

"त्यानं फसवलं त्याचं मले काही वाटत नाई," ती म्हणाली. "तो परका माणूस. तुले चार महिने माहीत होतं, श्रावण."

तो खाली मान घालून बसला.

महिनाभरानं बबनरावांनी बातमी आणली. धीरज सर कारंज्यात आहेत, गर्दी आष्टीच्या दुप्पट. आता डबीत तांब्याच्या सळया आहेत, पाणी हिरवं होतं. हिरवं विष अधिक जुनं असतं म्हणे. श्रावणनं नुसता श्वास सोडला. लोखंड गेलं, तांबं आलं. यातून सुटका नाही.

रविवारी सकाळी ताई पायात चप्पल घालून त्याच्या दुकानासमोर उभी राहिली. बोटांची सूज उतरली होती. म्हणाली, चाल कारंज्याले. श्रावण म्हणाला, ताई, कोणी ऐकत नाही, तू पाहिलं ना मंगल कार्यालयात.

"म्या ऐकलं ना," ताई म्हणाली. "उशिरा ऐकलं, पण ऐकलं. तिथंही माह्यासारखी एखादी बसली असन. तिले एवढंच सांगू, बाई, पाय घालाच्या आधी रिकामा टप लावाले सांग. अन् जो गोळी बंद करा म्हणन, त्याले इचार, माह्या डॉक्टरले विचारून सांगता का? बस, एवढं इचारलं तरी बाई वाचते. अन् ज्याले माहीत हाये त्यानं घरी बसाचं नाई."

श्रावणनं शटर ओढलं आणि तिच्या मागं निघाला.