केरबांच्या दातांतली फट

माझ्या दवाखान्यात दात एकाचे आणि मत दुसऱ्याचं, हे नेहमीचंच. कसबा बावड्याचे केरबा आले तेव्हा बोलत होत्या त्यांच्या पत्नी, विठाबाई. म्हशीनं मान झटकली आणि शिंगानं केरबांचे पुढचे दोन दात अर्धे उडाले, हेही त्यांनीच सांगितलं.

पुढचे दात मी पेशंटला विचारल्याशिवाय करत नाही. आधी नमुन्याचे चिकटवते, घरी मिरवू देते, मग पक्के. जुन्या फोटोत केरबांच्या त्या दोन दातांमध्ये चांगली फट होती.

"मामा, ही ठेवायची?" मी विचारलं.

"बुजवा," विठाबाई म्हणाल्या. "जावई हसतोय."

केरबांनी मान डोलावली. मी चरफडत फट बुजवली.

दुसऱ्या दिवशी केरबा एकटेच आले. "डॉक्टरीणबाई, शिट्टी वाजंना."

दिवाळीचा पाडवा तोंडावर आला होता. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवतात. मालकानं हाक द्यायची, म्हशीनं धावायचं. केरबांची हाक म्हणजे त्या फटीतली शिट्टी. आता नुसतं फुस्स होत होतं आणि त्यांची म्हैस हरणी जागची हलत नव्हती.

"सगळी गल्ली हसंल की," म्हणताना त्यांचे डोळे भरले.

"मग काल तोंड का उघडलं नाही?"

"ती बोलत हुती न्हवं."

माझं डोकंच फिरलं. "उद्या दोघं या. म्हशीलाही आणा."

त्यांनी खरंच आणली. हरणी बाहेर खांबाला, विठाबाई बाहेरच्या बाकावर. आत मी बुजवलेली फट जराशी घासायची, केरबांनी फुंकायचं. फुस्स. पुन्हा घासायची. पुन्हा फुस्स. आणि मग शिट्टी अशी वाजली की माझ्या कानठळ्या बसल्या.

हरणी रेकली. पण तिच्याआधी विठाबाई ताडकन उठून "आलो, आलो" करत दारात हजर.

केरबा छताकडं बघू लागले. मला हसू आवरेना.

"च्या पायजे असला की गोठ्यातनं हीच शिट्टी," विठाबाई म्हणाल्या. "जल्मभर म्हशीच्या हाकंला धावलो. म्हणून बुजवा म्हटलं."

मी केरबांच्या हातात आरसा दिला. "आता पेशंट बोलेल."

"फट ऱ्हाऊ द्या," केरबा म्हणाले. "हिला नावानं हाक मारीन."

बायकोचं नाव घ्यायला त्यांना उखाणा लागायचा.

"मारून दावा," विठाबाई म्हणाल्या.

केरबा कानापर्यंत लाल झाले. मग त्या नव्या दातांतून हळूच आलं, "विठा."

विठाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पक्कं करून टाका, डॉक्टर," त्या म्हणाल्या.