मुकी सुट्टी

पाहुणा पहिल्या दिवशी गोड लागतो. आठवडा झाला की त्याच्या आंघोळीचं पाणीही डोळ्यांत खुपतं. घरोघरी मातीच्या चुली! मग एका गावातल्या कॅथलिक हायस्कूलचे शिक्षक तरी निराळे कसे असतील?

एका वर्षी गावातली दुसरी शाळा आगीत जळाली. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका सिस्टरनी कुणाला न विचारता निरोप धाडला, "सकाळी आमची शाळा भरेल, दुपारी तुमची." सुरुवातीला सगळ्यांना केवढा उत्साह! कुणी वह्या दिल्या, कुणी दप्तरं. पुढे कुरकुर सुरू झाली. खडू पुरत नाहीत, नळ गळतो, बाकं डुगडुगतात.

सगळ्यांत पुढे होत्या गणिताच्या बाई. दुपारी त्या वरच्या मजल्यावर दहावीचा जादा तास घेत. खालच्या गलक्याने त्या एकदा इतक्या वैतागल्या की, पाहुण्या शाळेच्या हेडमास्तरांना भर व्हरांड्यात म्हणाल्या, "सर, शाळा आहे की बाजार?" ते बिचारे हात जोडून गेले.

सहामाहीनंतर शिक्षकांची सभा ठरली. पाहुण्यांना ठेवायचं की निरोप द्यायचा? निरोप दिला तर त्या मुलांचं वर्ष बुडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सभेच्या आदल्या दुपारी सिस्टर बाईंना म्हणाल्या, "उद्या तुम्ही बोलणार म्हणे?"

"बोलणारच! धर्मशाळा केलीय नुसती."

"अजून गलका होतो?"

"छे! मी सुनावल्यापासून सगळं चिडीचूप."

"मग चला ना खाली. सुट्टी होईल आता."

घंटा झाली. मुलं बाहेर आली आणि भिंतीला टेकून ओळीने बसली. डबे उघडले. एकाचं झाकण फरशीवर पडलं, तशी चारपाच बोटं ओठांवर गेली. एका चिमुरडीला कशाचं तरी हसू फुटलं, तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. एवढं मोठं मैदान, आणि त्यावर एक पाऊल नाही!

बाई तिच्यापाशी वाकल्या. "काय गं, खेळत का नाही?"

"आवाज होतो ना, बाई," ती कुजबुजली. "सर म्हणालेत, आवाज झाला तर ही पण शाळा जाईल. एक तर जळलीच."

बाई सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, हे मी केलं?"

"तुम्ही एकट्यांनी नाही हो," सिस्टर हळूच म्हणाल्या. "परक्याला जवळ करा, असं आपण रोज प्रार्थनेत म्हणतो. वर्ग उघडून दिले आणि वाटलं, झालं आपलं काम. पण ज्या घरात पोराला हसायची चोरी, त्याला घर कसं म्हणायचं?"

बाई तडक खेळाच्या खोलीत गेल्या, फुटबॉल घेऊन आल्या. मैदानात ठेवला. एकही मूल हलेना. तेव्हा बाईंनी पदर खोचला आणि सणसणीत लाथ हाणली. चेंडू गेला डावीकडे, चप्पल गेली उजवीकडे!

आधी ती चिमुरडी हसली. मग सारी भिंत हसली. आणि बघता बघता मैदानावर असा कल्लोळ उठला, की वर खिडकीत दहावीची मुलं गोळा झाली.

दुसऱ्या दिवशी सभेत बाई उभ्या राहिल्या. "त्यांचं वर्ष इथेच पुरं होऊ द्या. माझा तास मी मागच्या खोलीत घेईन."

"आणि गोंगाट?" ड्रॉइंगच्या सरांनी टोमणा मारला.

"होऊ दे की! गोंगाटातही बेरीज तीच येते."

पाहुणे वर्षभर राहिले. निघताना त्यांचे हेडमास्तर आभार मानू लागले, तर बाईंनीच हात जोडले. "सर, आभार आमच्याकडून. तुमच्या मुलांनी आम्हाला शिकवलं."

त्या हायस्कूलने पुढे खूप नाव काढलं. तरी जुने शिक्षक अजून त्या एका वर्षाबद्दलच कृतज्ञतेने बोलतात. मंडळी, आपल्या दाराशीही कुणी ना कुणी आसऱ्याला येतंच. त्याला छप्पर दिलं की निम्मं देणं झालं. त्याखाली त्याला मोकळेपणी, मोठ्याने हसता आलं, की उरलेलं निम्मं!