दोन रिंगा

“बाय, ह्या मिसकॉलवर भरोसा ठेवू नको. फोन वाजला का उचलायचा.”

प्लासिड अंकल हे बोलले तेव्हा त्यांचं लक्ष चाकाकडे होतं. वसईत पाचूबंदरच्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान, म्हणजे पत्र्याखालची दहा बाय आठची जागा. विघ्नेशची सायकल त्यांनी उलटी उभी केली होती. पुढचं चाक फिरतं सोडून रिमच्या कडेला ते नख धरून बसले होते. चाक कुठे आऊट असेल तिथे नखाला टक्‌ लागायचं. मग ते थांबायचे, एखादी तार पाव आटा आवळायचे आणि पुन्हा नख धरायचे.

उन्नती हसली. कडेवरची जिजा घंटीकडे झेपावत होती, तिला आवरत म्हणाली, “अंकल, आमचं ठरलंय ना. दोन रिंगा आणि कट. दोन रिंगा म्हणजे मी बरा आहे, पुढे निघालो. उचलला तर उलट हाच ओरडतो.”

“ओरडत नाही हां,” विघ्नेश पाना पुसत म्हणाला. “घाटातून वर आल्यावर बोलायला श्वास कोणाला असतो? त्यात घरी हिची पोरगी झोपलेली.”

“हिची? बरं झालं सांगितलंस.”

अंकल हसले नाहीत. “आमची आय होती ना, तिची रीत सांगतो. होड्या बंदराला लागल्या, बाबाची होडी लांबून वळखली, तरी ती घरात जाऊन चूल पेटवत नव्हती. गुडघाभर पान्यात उभी राहायची आनि नाव घेऊन हाक मारायची. तिकडून ‘ओ’ आली का मग वळायची. होडी आली म्हनजे मानूस आला असं नसतं, बाय.”

“अंकल, हा सायकलवर चाललाय. समुद्रात नाही.”

“रस्ता काय लहान हाय?”

घरी आल्यावर उन्नतीने कमरेवर हात ठेवून ‘रस्ता काय लहान हाय?’ असं म्हणून दाखवलं, आणि विघ्नेश हसून हसून पलंगावर आडवा झाला. जिजाही हसली, दोघं हसतायत म्हणून.

विघ्नेश वालीवच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. आठ तास नटबोल्ट मोजून द्यायचे, सही घ्यायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यांतली तीन तो शांत, किंचित सुटलेल्या पोटाचा नवरा होता. मग कारखान्यातल्या कोणीतरी त्याला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड लावलं. जानेवारीत त्याने दोनशे किलोमीटर केले. साडेतेरा तासांची मुदत असते, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि मधे घरच्यांनी गाडी घेऊन मागे यायचं नाही. पंक्चर झालं तर तुझं तू काढ, भूक लागली तर तुझं तू बघ. शिक्के पुरे झालेलं ते कार्ड त्याने देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी कसलं तरी प्रमाणपत्र समजून त्यालाही कुंकू लावलं.

आता एप्रिलमध्ये तीनशे होते. त्याची तयारी म्हणजे दर रविवारी पहाटे चिंचोटीला हायवे गाठायचा, मनोरवरून चारोटीपर्यंत जायचं आणि जेवायच्या वेळेला परत. उन्नती शनिवारी सगळं मांडून ठेवायची. दोन ट्यूब, पंप, पाण्याच्या बाटल्यांत मीठ-साखर, मागच्या खिशात केळीच्या पानात बांधलेली सुकेळी. विघ्नेशची बोटं बधिर व्हायची. साठ-सत्तर किलोमीटर झाले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपलं नाहीच असं वाटायचं, म्हणायचा. म्हणून तिने जुन्या उशीतला फोम कापून त्याच्या हातमोज्यांत शिवला होता. दुहेरी टाका. त्याला ते इतके आवडले की तो दूध आणायला जातानाही घालायचा.

फोमचे हातमोजे आणि बधिर बोटं यांमुळे कधीकधी फोन दोन रिंगांवर कट व्हायचा नाही. एकदा चार रिंगा गेल्या होत्या. ती उचलायला धावली, तोवर बंद झाला. घरी आल्यावर म्हणाला, “बटणच लागेना गं. अंगठ्याने मारतोय, मारतोय.” तेव्हापासून तीनचार रिंगा म्हणजेही दोनच, असं धरलं गेलं.

मार्चचा तिसरा रविवार होता. उन्नती भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात वेळा लिहायची, पेन्सिलीने, बारीक. सहा दहा, शिरसाड. सात पस्तीस, मनोर. आठ पन्नास, चारोटी. सगळ्या दोन दोन रिंगा. चारोटीची रिंग आली की तिचा जीव निम्मा खाली यायचा. आता तो तिच्याकडे तोंड करून निघाला, असं तिला वाटायचं.

दहा चाळीसला फोन वाजला तेव्हा ती जिजाला मांडीवर घेऊन नाचणीचं सत्त्व भरवत होती. फोन समोर फ्रीजवर होता. जिजाने घास तोंडात धरून ठेवला होता, आता थुंकते की गिळते असा तो क्षण होता. एक रिंग, दोन. उन्नती जिजाच्या गालाकडे बघत राहिली. तीन, चार. “बाबाला बटण सापडेना,” ती म्हणाली. जिजाने गिळलं. फोन वाजतच होता. मग थांबला.

रिंगा तिने तेव्हा मोजल्या नाहीत. नंतर आठवून मोजल्या. त्या सात होत्या.

तिने जिजाचं तोंड पुसलं, उठली आणि चौकोनात लिहिलं: दहा चाळीस, मनोर. मग कुकर लावला.

सव्वाबाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. तोही तिने लगेच उचलला नाही. चौथ्या रिंगेला उचलला. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याचा होता. मनोर यायच्या थोडं आधी एका मोरीच्या कठड्याला टेकून हा बसलेला दिसला, सायकल कडेला नीट लावलेली, हेल्मेट काढून शेजारी ठेवलेलं. झोपला असेल असं वाटून पहिल्यांदा कोणी थांबलं नाही. तो हॉटेलवाला पुष्कळ बोलत होता. उन्नतीने गॅस बंद केला, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे आठवायचा प्रयत्न केला आणि विचारलं, “त्याने हातमोजे घातलेत का?”

“एक घातलाय, ताई. एक काढलाय.”

पुढचे दिवस तिला सलग आठवत नाहीत. धाकटा दीर सिद्धेश सगळीकडे धावत होता. हॉस्पिटलातून आल्यावर तो तिच्याजवळ खाली फरशीवर बसला. “हार्टचं होतं, वहिनी. पडला-बिडला नाही तो. त्याला आधीच कळलं असणार, म्हणून उतरून बसला.” ती ‘बरं’ म्हणाली. तिला रडू येत नव्हतं आणि येत नाही याचं काही वाटतही नव्हतं. लोक येत, तिच्याकडे बघत, मग जिजाकडे बघत, आणि जिजाकडे बघून रडत.

सायकल नंतर टेम्पोने आली. कोणीतरी ती सामानाखाली कोंबली होती. पुढचं चाक वाकून पार पापडासारखं झालं होतं. ती जिन्याखाली उभी केली. येणारा जाणारा ते चाक बघायचा, आणि दोन दिवसांत बिल्डिंगभर झालं की चाकाने घात केला. आदल्या दिवशीच नीट करून आणलं होतं म्हणे. पहिल्या मजल्यावरच्या काकू तिच्यासमोरच म्हणाल्या, “त्या सायकलवाल्याला सोडता कामा नये.” उन्नतीने त्यांना पाणी दिलं.

चौथ्या दिवशी प्लासिड अंकल आले. पांढरा शर्ट, जो ते बहुधा रविवारी चर्चला घालत असावेत. ते वर आले नाहीत. जिन्याखाली सायकलपाशी थांबले. उन्नती वरच्या कठड्याशी उभी होती, तिथून तिला त्यांचं डोकं आणि हात दिसत होते. त्यांनी सायकलचं पुढचं टोक उचललं, चाक फिरवलं आणि रिमला नख धरलं. चाक अडखळत फिरलं. टक्‌. टक्‌. टक्‌. एकेक तार त्यांनी बोटाने चाचपली, सगळ्या, शेवटपर्यंत. मग वर बघितलं.

“अंकल, चहा घेता?” ती म्हणाली.

“नको, बाय.”

तिला एवढंच सांगायचं होतं: चाक बरोबर होतं. तो उतरून, सायकल नीट लावून बसला होता. ओठांपर्यंत आलेलं वाक्य होतं ते. पण त्याच्यामागून येणारा प्रश्नही तिला दिसत होता. उतरून बसला, तर मग फोन केला नाही का त्याने? इतर कोणी विचारलं नसतं. प्लासिड अंकलनी विचारलं असतं, आणि तेही कठोरपणे नाही, हळूच. ती कठड्याला धरून उभी राहिली. अंकलनी सायकल भिंतीला टेकवली, हँडल सरळ केलं आणि गेले.

सात रिंगांचं तिने कोणालाच सांगितलेलं नाही. सिद्धेशलाही नाही. कॅलेंडरचं ते पान तिने उलटवलं नाही. घरात मार्चच आहे. तिच्या साध्या फोनमध्ये शेवटचे दहाच मिस्ड कॉल राहतात. अकरावा आला की सगळ्यांत जुना निघून जातो. विघ्नेशचा दहा चाळीसचा कॉल खालून तिसरा आहे. म्हणून आता फोन वाजला की ती पहिल्या रिंगेला उचलते. आंघोळीला जाताना फोन बादलीशेजारच्या स्टुलावर असतो. माहेरचे म्हणतात, बरं झालं, सावरतेय, लगेच बोलते.

जिजा चालायला लागली तेव्हा सिद्धेशने सहज सांगितलं, “प्लासिड अंकलने दुकान बंद केलं, वहिनी. म्हणे, हात चालत नाहीत.” त्यानंतर उन्नती दोनदा त्या बाजूला गेली. पहिल्यांदा रस्त्याच्या वळणावरून परतली. दुसऱ्यांदा शटरपर्यंत पोचली. बाहेर उलटी सायकल ठेवायचा लाकडी ठोकळा तसाच होता, त्यावर कोणीतरी बोंबील वाळत घातले होते. मागच्या घराच्या दाराशी चपला होत्या. तिने हाक मारली, पण ती शेजारच्या कुत्र्यालाही ऐकू गेली नसेल. कुत्र्याने मान वर केली नाही. जिजाने मात्र तिच्या तोंडाकडे बघितलं.

आता वसई किल्ल्याकडे कोणी जाणार असं कळलं, मग ते फिरायला का असेना, की ती दारात गाठून त्याला सांगते, एका सुरात, जिजाच्या सॅंडलचा पट्टा लावत:

“त्या बाजूला जाणार असाल, तर एवढं करा. पाचूबंदरच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान आहे. शटर बंद असेल, मागे घर आहे. दाराशी चपला दिसतील, चुलीचा धूर दिसेल, तेवढ्यावरून फिरू नका. प्लासिड म्हणून नाव घेऊन हाक मारा. मोठ्याने मारा. ते ‘ओ’ म्हणेपर्यंत तिथून हलू नका.”