जपानी मालिकेचा सातवा गुण

बंटी मुथाला इंग्रजी वाचता आलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बंटी एस.वाय.ला एकदा नापास होऊन धाकट्या बहिणीच्या, रिद्धीच्या, वर्गात येऊन बसला होता, आणि नापासही इंग्रजीतच झाला होता. त्यामुळे पुण्यातल्या मित्रानं त्याला जपानी मालिकेच्या सीड्या दिल्या तेव्हा पंचाईत झाली. बोलणं जपानी, खाली पट्टी इंग्रजी. पट्टी वाचून होईपर्यंत पुढची आलेली असायची.

म्हणून त्यानं गोकुळ केंगलेला बोलावलं. गोकुळ डोंगरातल्या तळेघरकडचा, घोडेगावात वसतिगृहावर राहून शिकणारा, आणि इंग्रजीत वर्गात पहिला. त्या वर्गात पहिलं येणं फारसं अवघड नव्हतं, पण पहिला तो पहिलाच.

"तू नुसतं वाच आणि मराठीत सांग, राव," बंटी म्हणाला. "चहा-फरसाण आपल्याकडं."

बंटीच्या वडिलांचं, फतेचंद शेठचं, कापडदुकान पेठेत, मागच्या अंगाला घर. मधल्या खोलीत कॉम्प्युटर होता. शेठनी तो दुकानासाठी घेतला होता, पण दुकानाला तो मानवला नव्हता. शनिवारी कॉलेज सुटलं की तिघं तिथं बसायची. बंटी खुर्चीवर, रिद्धी स्टुलावर आणि गोकुळ पोत्यावर. दाराशी मोहनबाई मूग निवडत असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं. मोठाल्या डोळ्यांची चित्रं हलत होती.

"हे काय रे?"

"कार्टून आहे, आई."

"घोड्याएवढी झालात आणि कार्टून बघता," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. त्या घरात पोरीला सिनेमाला जायची परवानगी नव्हती. संध्याकाळच्या हिंदी मालिकाही लग्न जमेपर्यंत बंद होत्या. पण चित्रांना कोण काय म्हणणार? चित्रं प्रेमातबिमात पडतात हे मोहनबाईंच्या कानावर कधी आलेलं नव्हतं.

अशी ती मालिका जून ते ऑगस्ट चालली. नायक मोरिता, नायिका कानेको. दोघं एका वर्गात. एकमेकांना आडनावानं हाक मारायची. कारण जपानात पहिलं नाव घेणं म्हणजे फार झालं, ते अगदी जवळच्या माणसालाच. सव्वीस भागांच्या त्या मालिकेत एकोणिसाव्या भागापर्यंत नायकानं नायिकेचं नाव उच्चारलं नाही. एकोणिसाव्यात उच्चारलं, आणि नायिका पूर्ण दीड मिनिट रडली.

"नाव घेतलं म्हणून रडती?" बंटी म्हणाला. "आपल्याकडं मास्तर रोज घेतो सगळ्यांची. सगळा वर्ग रोज भिजला असता."

रिद्धीला मात्र ते आवडलं. तिनं गोकुळला केंगले म्हणायला सुरुवात केली. "केंगले, वही दे." "केंगले, चहा गार झाला." मग तोही तिला मुथा म्हणू लागला. बंटीला ही मोठी गंमत वाटली. घोडेगावात आडनाव ही वस्तू वेगळ्या कामाला वापरतात, ते कळलं की माणसाला कुठं बसवायचं ते ठरतं, याचा तिघांनाही त्या खोलीपुरता विसर पडला.

आणि गोकुळ बोलत होता. मोरिताचंही तोच आणि कानेकोचंही तोच. पट्टीवरचं वाक्य वाचायचं, मराठीत फिरवायचं, स्टुलाकडे न बघता म्हणायचं. महिनाभरानं त्याच्या लक्षात आलं की शेठच्या घरात, मोहनबाईंच्या देखत, तो त्यांच्या लेकीला दर शनिवारी दोन तास लाडाचं बोलतो आहे आणि वर फरसाण खातो आहे. अशी सोय आजवर तळेघरच्या कुणाला मिळाली नसेल.

माणूस सोकावतो. अकराव्या भागात मोरिता आणि कानेको बर्फात उभी होती. पट्टीवर एवढंच आलं, की थंडी आहे. गोकुळ म्हणाला, "थंडी आहे. पण तू असलीस की गाडी चुकल्याचं वाईट वाटत नाही."

"गाडी कुठंय यात?" रिद्धीनं विचारलं.

"मागं असंल," गोकुळ म्हणाला.

शनिवारची तळेघरची शेवटची गाडी त्यानं त्या तीन महिन्यांत आठ वेळा चुकवली होती. तिकडं वर त्याचा बाप चिमाजी भातखाचरात एकटा वाकलेला असायचा. पोराला कॉलेजात जादा तास आहेत, असं तो गावाला सांगत होता.

सूर्य कलला की मोहनबाई सूप उचलायच्या. त्या घरात जेवण उजेडीच आटोपत असे, त्यामुळे मोरिता आणि कानेको कितीही अडचणीत असली तरी त्यांना तसंच ठेवून उठावं लागे. चोविसावा भाग संपला तेव्हा नायिका फलाटावर उभी होती आणि नायक धावत होता. पंचवीस आणि सव्वीस शेवटच्या सीडीवर होते. ती सीडी चाललीच नाही. बंटीनं शर्टाला पुसली, फुंकली, रॉकेलसुद्धा लावलं. तेव्हापासून कॉम्प्युटरही नीट चालेना.

"शेवट काय असणार, लग्न," बंटी म्हणाला.

"केंगले," रिद्धी म्हणाली, "तू लिही ना, कशी वाटली ते. मराठीच्या मॅडम सांगतात तसं. गुण आणि दोष."

आता एखाद्या शहाण्यानं हे ऐकून सोडून दिलं असतं. गोकुळनं दोन रात्री जागून लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, आठवीत जिल्ह्यात बक्षीस मिळवलेलं. सहा दोष, सहा गुण. दोषांत त्यानं लिहिलं, की या मालिकेत कुणाचेही आईबाप दिसत नाहीत. नायकाचे परदेशी, नायिकेची आई वारलेली, मैत्रिणीचे नुसतेच नाहीत. एका वर्गातले इतके पालक बेपत्ता असताना कुणी पोलिसांत गेलेलं दाखवलेलं नाही. कुणाची गाडी चुकत नाही. लावणीच्या दिवसांत कुणाला घरी बोलावणं येत नाही. डोळे तळहाताएवढे, तरी समोरच्याच्या मनातलं दिसायला एकोणीस भाग लागतात. आणि शाळेची गच्ची कायम उघडी असते, हे तर कुठल्याच देशात पटणार नाही.

गुणांत लिहिलं, की माणसं हळू बोलतात. बोलताना थांबतात, आणि थांबलेलं ऐकू येतं. कुणी कुणाची जात काढत नाही. छत्री एक असली तर दोघांनाही थोडं भिजावं लागतं, हे खरं दाखवलं आहे.

मग खाली, जागा सोडून, सातवा गुण: "पट्टी वाचताना मी तीन ठिकाणी मालिकेचं वाक्य सोडून माझं घातलं. ती कुठली, हे तुला कळलं असेल तर सांग. नसेल कळलं, तर मालिका चांगली होती."

सही केली नाही. सही करण्याइतका तो निर्धास्त नव्हता.

कागद हातात द्यायचा तर वर्गात बंटी आणि पेठेत अख्खी पेठ. पण मालिकेनं वाट दाखवली होती. मोरिता चिठ्ठी ठेवायचा ती शाळेच्या दारातल्या बुटांच्या कपाटात, कानेकोच्या बुटात. घोडेगावात तसं कपाट नव्हतं. मात्र पर्युषण चालू होतं, आणि सकाळच्या प्रवचनाला जैन स्थानकाबाहेर शंभर-दीडशे जोड उतरलेले असत. रिद्धीची तपकिरी चप्पल, डाव्या अंगठ्याला निळ्या दोऱ्यानं शिवलेली, त्याला अंधारातही ओळखू आली असती. कागदाच्या चार घड्या करून त्यानं तो पट्ट्याखाली सरकवला आणि समोरच्या हॉटेलात पेपर उघडून बसला.

मालिकेत एक गोष्ट दाखवली नव्हती. मायलेकींचं माप एक असलं की चपला कुणाच्या, हा प्रश्न घरात राहत नाही. मोहनबाईंचा सहावा उपास होता. प्रवचन संपायच्या आत त्यांना घेरी आल्यासारखं झालं, म्हणून त्या बाहेर आल्या आणि पहिली सापडली ती चप्पल त्यांनी पायात सरकवली. कागद टोचला. वाकून काढला. उभ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग हॉटेलाकडे पाहिलं. गोकुळनं पेपर आणखी वर धरला. त्याच्यासमोर बाजारभावांचं पान होतं, आणि त्या क्षणी त्याला वाटाण्याचा भाव कुणी विचारला असता तर सांगता आला असता.

कॉलेजात बंटी भेटला तो हसतच.

"आमच्या घरी आज लई नाटक झालं. रिद्धीच्या चपलीत कागद सापडला आईला. आई म्हणाली, हे काय? रिद्धी म्हणाली, निबंध. स्थानकातल्या स्पर्धेचा. हातात धरून आत जायचं नाही म्हणून चपलीत ठेवला."

"मग?"

"मग काय. आई म्हणाली, छान आहे, उद्या वाच. राव, आपण नुसतं बसून बघितलं आणि हिनं निबंध हाणला. मला सुचलं असतं तर?"

स्पर्धेचा विषय होता, आजची तरुण पिढी आणि दूरचित्रवाणी. दुसऱ्या दिवशी बंटी गोकुळला टाळ्या वाजवायला म्हणून घेऊन गेला. रिद्धी उभी राहिली आणि सहा दोष वाचले. बेपत्ता पालकांवर तर सभा इतकी हसली की महाराजांनाही तोंडावरची मुहपत्ती सावरावी लागली. मग सहा गुण वाचले. सहाव्यानंतर ती थांबली. ते थांबणं गोकुळला ऐकू आलं. तिनं कागदाची घडी घातली आणि खाली बसली.

पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा, तिलाच मिळालं. जुन्नरहून आईला प्रवचनाला घेऊन आलेला एक तरुण शेवटच्या रांगेत बसला होता. संयम नाव, भांड्यांचं दुकान, पुण्यात डिप्लोमा केलेला. त्यानं फतेचंद शेठना आपणहून सांगितलं, की ही मालिका त्यानंही पाहिली आहे, पण इतका विचार कधी केला नव्हता. मुलीची बुद्धी चांगली आहे.

पर्युषण संपलं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ही मंडळी भेटेल त्याची क्षमा मागतात. वर्षभरात बोलण्या-वागण्यात काही दुखावलं असेल तर माफ करा म्हणून हात जोडतात. गोकुळ मुद्दामच दुकानावरून गेला. शेठनी हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्, केंगले." बंटीनं खांद्यावर थाप मारली. मोहनबाईंनीही तेच म्हटलं. शेवटी रिद्धी आली, हात जोडले आणि म्हणाली,

"मिच्छामि दुक्कडम्, गोकुळ."

तिनं नाव घेतलं होतं. एकोणिसावा भाग.

क्षमा कशाची मागितली, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तीन महिने जपानी शिस्तीत वाढलेला तो मुलगा त्या शनिवारी वेळेवर गाडी पकडून घरी गेला. चिमाजीनं त्याला न्याहाळलं.

"लई खुशीत हाईस. पास झाला का काय?"

"निकाल न्हाई लागला अजून, दादा."

"मंग हसतु कशाला?"

निकाल जानेवारीत लागला. बंटीचा निरोप आला, आईनं बोलावलंय. मधल्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता. तिथं गुलाबी लिफाफ्यांचे गठ्ठे होते. मोहनबाई म्हणाल्या, "ये रे. रिद्धीचं ठरलं, जुन्नरला. पाचशे पत्रिका आहेत. बंटीचं अक्षर तर तुला माहितीच आहे." त्यांनी यादी त्याच्यासमोर ठेवली आणि मूग निवडायला दाराशी बसल्या. "तुझं फार सुंदर आहे. मी वाचलंय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तो पोत्यावर बसून लिहू लागला. जुन्नर, मंचर, नारायणगाव, ओतूर. दीडशे होत आले तेव्हा पुढं दुकानात फोन वाजला आणि मोहनबाई उठल्या. रिद्धी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि स्टुलावर बसली.

"तीन नव्हती," ती हळूच म्हणाली. "पाच होती."

त्यानं पेन थांबवलं.

"बर्फातली गाडी. ग्रंथालयातलं ते. छत्रीचं. ही तुला माहीत होती. आणखी दोनदा तू पट्टी वाचलीच नाहीस, नुसता बोलत सुटलास."

"तुला कसं कळलं?"

"दहावीला इंग्रजीत एकसष्ट होते मला, केंगले. वाचता येतं."

दारात मूग तसेच पडले होते. दुकानातून मोहनबाईंचा आवाज येत होता, जुन्नरच्या विहिणीशी गोड बोलण्याचा.

"मग तेव्हा का विचारलंस, गाडी कुठंय म्हणून?"

"ऐकायचं होतं."

"आणि सातवा वाचला नाहीस."

"तिथं?" ती म्हणाली. "मुथांची पोरगी, स्थानकात उभी राहून?" मग म्हणाली, "संयमकडं सगळे सव्वीस भाग आहेत. शेवट कळला. सांगू?"

"नको."

तिनं तरी सांगितलं. "तो पोचतो फलाटावर. पण काही बोलत नाही. ती जाते. बस, एवढंच."

मोहनबाई परत आल्या तशी ती कप घेऊन आत गेली. चहा त्यानं प्यायलाच नव्हता. मोहनबाईंनी लिहून झालेले लिफाफे चाळले, खूश दिसल्या.

"एक तुमच्या घरचाही लिही," त्या म्हणाल्या. "वडिलांना घेऊन ये. आणि आडनाव ठळक काढ रे, सगळ्यांवर. पोस्टमन तेच बघतो."

गोकुळनं नवा लिफाफा ओढला. श्री. चिमाजी केंगले, मुक्काम तळेघर. केंगले त्यानं दोनदा गिरवलं. मग घड्याळाकडे पाहिलं. शेवटची गाडी निघून गेली होती, आणि अजून साडेतीनशे लिफाफे बाकी होते.